भरतीचा बीप

अलिबागेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून मला आता तीस वर्षं होऊन गेली. या धंद्यात मला सगळ्यात अस्वस्थ आवाजात येणारे फोन असतात ते बीपचे. मशीन बंद पडलं तर माणूस शांतपणे सांगतो, "चालू होत नाहीये, सवडीने या." पण मशीन मधूनच 'टीं' करून ओरडलं आणि का ओरडलं ते कळलं नाही, की त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही. रात्री साडेदहाला फोन येतो, "अहो, परत वाजलं!" मी विचारतो, "किती वाजता?" आणि पलीकडून हटकून उत्तर येतं, "ते नाही बघितलं."

वेळ विचारायची ही सवय मला एका पतपेढीने लावली. पतपेढी रेवदंड्याच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात आहे, नाव सांगत नाही. २००९ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. एका खोलीचं ऑफिस, चार कॉम्प्युटर, प्रत्येकाच्या पायाशी एक युपीएस, भिंतीला लागून दोन लोखंडी कपाटं, आणि खिडकीतून सुक्या मासळीचा वास. मॅनेजरबाईंची तक्रार अशी की दिवसातून कधीतरी दोन-चार बीप होतात. स्क्रीनवर काही येत नाही, काही बंद पडत नाही. कॅशियर म्हणत, आवाज बाईंच्या मशीनमधून येतो. बाई म्हणत, कॅशियरच्या. कोपऱ्यातल्या मुलीला तो छतातून आल्यासारखा वाटे.

पहिल्या खेपेला मी बाईंच्या मशीनची रॅम बदलली. आवाज थांबला. सहा दिवसांनी फोन आला, पुन्हा वाजतंय. दुसऱ्या खेपेला कॅशियरचा पॉवर सप्लाय बदलला. त्या दिवशी वाजलं, दुसऱ्या दिवशीही वाजलं, मग थांबलं, मग आठवड्याने परत सुरू. तिसऱ्या खेपेला मी अख्खा दिवस तिथे बसून राहिलो आणि एकदाही वाजलं नाही. येताना बाईंनी चहा दिला, पैशाचं काही बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे मला जास्तच लागलं.

आवाज नक्की कुठून येतो हे चार माणसांना चार ठिकाणी का वाटावं? मला तेव्हा वाटायचं, माणसं लक्ष देत नाहीत. नंतर वाचलं तेव्हा कळलं की दोष माणसांचा नव्हता. इंग्लंडातले शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली कानाचं हे काम उलगडून दाखवलं. आवाज खर्जातला असेल तर तो एका कानाला किंचित आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोचतो, त्या फरकावरून आपण दिशा ओळखतो. आवाज टिपेचा असेल तर डोकं आड येतं आणि पलीकडच्या कानाला तो बारीक ऐकू येतो, त्यावरून ओळखतो. मधल्या पट्ट्यात दोन्ही युक्त्या लंगड्या पडतात. १९३६ साली हार्वर्ड विद्यापीठात स्टीव्हन्स आणि न्यूमन या दोघांनी हे मोजलं. भिंतींवरून आवाज परतू नये म्हणून त्यांनी एका इमारतीच्या गच्चीवर उंच खुर्ची उभारली, त्यावर माणूस बसवला आणि त्याला आवाजाची दिशा विचारत राहिले. सर्वांत जास्त चुका झाल्या त्या तीन हजार हर्ट्झच्या आसपास. आणि युपीएस, इन्व्हर्टर, धुराची सूचना देणारे डबे यांच्यात जी चपटी पितळी चकती वाजते, ती बहुतेक वेळा दोन ते चार हजारांच्या मध्येच वाजते. कमी विजेत मोठा आवाज निघतो म्हणून कारखानदारांनी ती निवडली. त्यात बीप असतो निमिषभराचा. मान वळवून कान लावेपर्यंत तो संपलेला असतो, आणि सिमेंटच्या खोलीत चारही भिंतींनी तो परतवलेला असतो.

यंत्राने माणसाला हाक मारायची रीत कॉम्प्युटरच्या आधीची आहे. माझे वडील मुंबईच्या तारघरात होते. आठवडाभर मुंबई, शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडून घरी. ते सांगायचे, टेलिप्रिंटरवर महत्त्वाचा मजकूर येणार असला की पलीकडचा माणूस आधी एक कळ दाबायचा, आणि इकडच्या यंत्रातली खरीखुरी घंटी वाजायची. अक्षरांसारखीच घंटीचीही एक खूण तारेवरून यायची. १९६३ साली अमेरिकेत कॉम्प्युटरसाठी अक्षरांचे आकडे ठरले, तेव्हा त्या घंटीला सात हा आकडा मिळाला. तो अजून आहे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे डॉस चालायचं तेव्हा एखादा शिकाऊ मुलगा चुकून प्रोग्रामची फाईल पत्र समजून स्क्रीनवर उघडायचा. सगळी चित्रविचित्र चिन्हं धावत सुटायची आणि मशीन थांबून थांबून किंचाळायचं. मुलाचा चेहरा पांढरा पडायचा. त्या गिचमिडीत जिथे जिथे सात आकडा येई तिथे तिथे मशीन घंटी वाजवत होतं, इतकंच. वडिलांना हे दाखवलं तेव्हा ते खुर्ची ओढून बसले आणि मला तीच फाईल दोन वेळा उघडायला लावली.

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ सालचा. आमच्या कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं तेही त्याच वर्षी. त्या पीसीत सव्वादोन इंचांचा एक स्पीकर होता आणि तो वाजवायला इंटेलची ८२५३ नावाची घड्याळाची चिप. सेकंदाला अकरा लाख त्र्याण्णव हजारांच्या वर ठोके पडतात, त्यांना एखाद्या आकड्याने भागलं की हवा तो सूर निघतो. स्क्रीनच चालू होत नसेल तर मशीनने आपलं दुखणं सांगायचं कसं, तर या स्पीकरवरून. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. अवॉर्ड कंपनीचं बायोस (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) असेल तर एक लांब आणि दोन छोटे म्हणजे डिस्प्लेचं काम. लांब बीप थांबत थांबत येतच राहिले म्हणजे रॅम. आमच्या किनाऱ्यावर हा रॅमचा बीप पावसाळ्यात जास्त. खारं वारं आणि दमट हवा, त्यात रॅमच्या पट्टीवरच्या पिवळ्या दातांवर मळकट थर बसतो आणि वीज पुढे जात नाही. शाळेतल्या मुलाचं खोडरबर घ्यायचं, दात हलक्या हाताने घासायचे, पट्टी परत बसवायची. मुरूड, श्रीवर्धन, उरण, कुठल्याही बाजूला जाताना माझ्या खिशात खोडरबर असतं. पण हे बीप मशीन सुरू होतानाचे, जागच्या जागी सापडणारे. पतपेढीतला बीप या कुळातला नव्हता.

तिसऱ्या खेपेनंतर मी गावात परतलो तो संध्याकाळी. मोटारसायकल समुद्राच्या बाजूने काढली. वाटेत आमच्या चुंबकीय वेधशाळेची भिंत लागते. अलिबागकर रोज तिच्यावरून जातात. मी त्या दिवशी थांबलो, कारण मला आमच्या शाळेने तिथे दिलेली भेट आठवली. सातवीत होतो. निघायच्या आधी सरांनी सगळ्यांच्या कंपासपेट्या वर्गातच ठेवायला लावल्या. पत्र्याच्या होत्या. ज्यांच्या पट्ट्याला बक्कल होतं त्यांचे पट्टेही काढले. आत जायचं तर अंगावर लोखंड नको.

ही वेधशाळा आमच्याकडे आली तीच मुळी एका गोंधळाचं कारण वेळेआधी ओळखलं गेलं म्हणून. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद सुरू झाली. टांगलेला चुंबक किती हलला ते माणसं डोळ्यांनी वाचून वहीत लिहीत. दर तासाला, रात्रंदिवस. चुंबक बिथरला की पंधरा-पंधरा आणि पाच-पाच मिनिटांनी. १८५९ च्या १ सप्टेंबरला रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावर एक लखलखाट पाहिला. दुसऱ्याच दिवशी कुलाब्याच्या वहीत सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदली गेली. इतकी मोठी की पुढे कित्येक वर्षं जगातल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळाबद्दल बोलताना त्या पानाकडे जावं लागलं. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्स लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नोंदीवरून त्या वादळाचा जोर काढला. ते आकडे ज्यांनी लिहिले त्यांना आपण काय लिहितोय याची कल्पना नसणार. त्यांनी वेळ आणि आकडा लिहिला, आणि जवळपास दीडशे वर्षांनी त्यावरून वादळाचा जोर काढता आला. मला ही माणसं फार जवळची वाटतात.

१८७२ च्या सुमारास फोटोच्या कागदावर नोंद सुरू झाली. चुंबकाला आरसा, आरशावर उजेडाची तिरीप, आणि फिरत्या रुळावर कागद. आता चुंबकाची प्रत्येक थरथर कागदावर उमटू लागली, आणि म्हणूनच आजूबाजूच्या लोखंडाचं, तारांचं भय वाढलं. १८७४ पासून मुंबईत ट्राम होती, पण ती घोड्यांची. विसावं शतक उजाडता उजाडता विजेच्या ट्रामचं ठरलं. विजेची ट्राम डोक्यावरच्या तारेतून प्रवाह घेते आणि रुळांतून परत पाठवते. सगळा प्रवाह रुळांत राहत नाही, थोडा जमिनीत झिरपतो. ट्राम सुटली, थांबली, चढावर चढली की तो कमीजास्त होतो, आणि तितका चुंबक हलतो. म्हणजे सूर्याने केलेली थरथर कुठली आणि ट्रामने केलेली कुठली, हे कागदावरून सांगता येणार नव्हतं.

वेधशाळेचे संचालक होते नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी ट्रामची वाट पाहिली नाही. मुंबईपासून साधारण तीस किलोमीटरवर, समुद्रापलीकडे अलिबागची जागा घेतली. आमच्या किनाऱ्याचा काळा दगड स्वतःच थोडा चुंबकीय असतो, लाव्हा निवताना त्यात लोहचुंबकाचे कण राहिलेले आहेत. म्हणून बांधकामाला पोरबंदरचा वालुकाश्म आणला. लोखंडाचा खिळाही नको, म्हणून तांबं, पितळ आणि लाकूड. १९०४ साली अलिबागला नोंद सुरू झाली. मुंबईच्या कुलाब्याहून कुलाबा जिल्ह्यात, आणि समोर समुद्रात कुलाबा किल्ला. मुंबईतली नोंद मात्र लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी होत राहिल्या, म्हणजे जुन्या आकड्यांची नव्या आकड्यांशी सांगड घालता यावी. कागदांचा ओघ तुटला नाही. मग ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. त्याच साली रॅले तिकडे कान आणि दिशा यांचं गणित मांडत होते.

मूस यांनी १८४६ पासून १९०५ पर्यंतच्या मुंबईच्या नोंदी छापून काढल्या, १९१० साली. आज ही वेधशाळा १९७१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि त्या संस्थेचं मुख्य ठाणं नवीन पनवेलला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात.

त्या संध्याकाळी भिंतीपाशी उभा राहून मला स्वतःचा राग आला. तीन खेपा झाल्या. रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, आणि माझ्याकडे एकही वेळ लिहिलेली नव्हती. घरी जाऊन मी बाईंना फोन केला. म्हटलं, आता काही बदलायचं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, आणि वाजलं की त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहा. लिहायचं काम बाईंनी शिपायाकाकांना दिलं. काका कोळी, भावाच्या होडीत त्यांचा वाटा. हाताला काम असलं की खूश.

महिना होता होता मी गेलो. काकांनी कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. पेन्सिलीने, नीट अक्षरात: १०:३५, ११:२०, १२:१०, १२:५५, १:४५. रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे. नऊ दिवस असं सरकत सरकत संध्याकाळच्या पाचपर्यंत, मग सहा दिवस चौकोन कोरे, मग पुन्हा साडेदहापासून. मी तक्ता बघत बसलो. कॉम्प्युटरला रोज पन्नास मिनिटं उशीर कशाने होईल? काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. लिहिताना त्यांनी एकेक आकडा लिहिला होता, सगळे ओळीने त्यांनीही पहिल्यांदाच पाहिले.

"भाऊ," ते म्हणाले, "ह्यो तं भरतीचा टायम हाय."

किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असलेला हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ढोबळ आहे, पण होडी हाकायला पुरतो. काकांनी बोट ठेवून दाखवलं. चतुर्दशीला साडेदहा, सप्तमीला सव्वापाच. अष्टमीपासून त्रयोदशीपर्यंत भरती पतपेढीच्या वेळेत येतच नाही, म्हणून ते सहा चौकोन कोरे. माझ्या रॅमने आवाज थांबला होता तो या सहा दिवसांत. तिसऱ्या खेपेला मी बसलो होतो तो दिवस कॅलेंडरवर मागे जाऊन पाहिला: दशमी.

पण समुद्र पतपेढीत बीप कसा करील? तेही काकांनीच सांगितलं. खाडी उथळ आहे. होड्या धक्क्याला लागतात त्या भरतीला. होडी लागली की बर्फ भरायचा, आणि बर्फाच्या लाद्या फोडायचा क्रशर तेव्हाच चालू होतो. क्रशरची मोटर सुरू होताना जोरात वीज ओढते. धक्का आणि पतपेढी एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. दिवा क्षणभर मंद होतो, तो डोळ्याला कळतही नाही, पण एखादा युपीएस दचकतो आणि बॅटरीवर जातो, दोन बीप करतो, परत येतो.

वेळ कळली म्हणून जागा शोधता आली. दुसऱ्या दिवशी भरती पावणेतीनची होती. मी चारही युपीएस बंद करून ठेवले आणि धक्क्यावर गेलो. पतपेढीत कोपऱ्यातल्या मुलीने फोन उचलून धरला होता. दोन होड्या लागल्या होत्या. पोरांनी लादी आकड्याने ओढून क्रशरच्या तोंडाशी आणली. एकाने बटण दाबलं, मोटर घरघरली, आणि माझ्या कानात फोनमधून बारीक आवाज आला, टीं टीं. चार युपीएस बंद असताना.

पाचवा होता. आधीच्या कोणी दुरुस्तीवाल्याने नेटवर्कच्या डब्यासाठी एक छोटा युपीएस लावला होता. मग तिथे कपाट आलं आणि तो मागे राहिला. कपाट ओढलं तेव्हा तो सापडला, अंगावर धूळ, पालीची अंडी, आणि हिरवा दिवा चालू. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कपाटाचा पत्रा. आवाज पत्र्यावर आपटून खोलीभर जाई, म्हणून कोणाला बाईंच्या मशीनमधून, कोणाला छतातून.

मी नवा युपीएस बसवला, व्होल्टेज खाली आलं तरी तग धरणारा. वायरमनला सांगून पतपेढीचं कनेक्शन दुसऱ्या फेजवर घेतलं. आणि काकांना म्हटलं, अजून पंधरा दिवस लिहा. त्यांना पटलं नाही. "आता काय लिहू? वाजनारच नाय." मी त्यांना मूससाहेबांच्या दोन वर्षांची गोष्ट सांगितली, वेधशाळा इकडे आल्यावरही मुंबईची नोंद कशी चालू ठेवली ती. ते ऐकत राहिले. वेधशाळेच्या भिंतीवरून तेही जन्मभर गेले होते.

ते पान माझ्या दुकानात काचेखाली आहे. चतुर्दशी ते सप्तमी, आणि मग न वाजणारे सहा दिवससुद्धा, प्रत्येक चौकोनात भरतीची वेळ आणि तिच्यापुढे पेन्सिलीने दोन शब्द: नाय वाजला.